रात्रपाळीचा कागद

रविवारची दुपार. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमच्या बचत गटाची बैठक भरते. बैठक म्हणजे काय, तर एका अक्कांच्या घराची पुढची खोली. एका बाजूला शिलाई मशीन, कोपऱ्यात कांड्यांची पोती आणि मधल्या जागेत दाटीवाटीनं बसलेल्या पंधरा-सोळा बायका. हप्त्याचे पैसे मोजून झाले, वहीत सह्या झाल्या, चहाचे कप फिरले. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात टॉवेल चेकिंगला जाणाऱ्या एकीनं छोट्या पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला.

“ताई, एवढं वाचून दावा की. परवापर्यंत सही करून द्या म्हणालेत.”

कागद इंग्रजीत होता. मोजून पाच ओळी. मी स्वखुशीनं रात्रपाळीत काम करायला तयार आहे, माझ्यावर कुणाचाही दबाव नाही, आणि जाता-येता रस्त्यात काही घडलं तर त्याला कंपनी जबाबदार राहणार नाही. खाली सहीसाठी रेघ. गाडीचा उल्लेख नाही, कोण सोबत असणार त्याचा नाही, किती महिने तेही नाही. असाच कागद आणखी सातजणींना दिला होता.

मी वाचलं आणि छातीठोकपणे सांगून टाकलं, “अजिबात सही करायची नाही! बाईमाणसाला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात ठेवताच येत नाही. कायदाच आहे तसा.”

सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातून एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “मग माझी सून दोन वर्षं झाली जातीय रात्रीची, ती काय चोरून जातीय व्हय?”

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या दिवशी मी तोंडावर पडले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका शिबिरात ‘स्त्रिया आणि कायदे’ यावर घेतलेल्या टिपणांची वही माझ्याकडे अजून आहे. त्यात लाल शाईनं अधोरेखित करून लिहिलंय : सकाळी ६ ते संध्याकाळी ७. तेवढ्यावर मी इतकी वर्षं बायकांना सल्ले देत होते. वही तीच राहिली, कायदा मात्र पुढे निघून गेला होता! “पुढच्या रविवारी सांगते, तोवर कुणी सही करू नका,” असं म्हणून मी घरी आले. ‘तू कशाला त्या भानगडीत पडतेस’ हे आमच्या घरातलं नेहमीचं वाक्य ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात वकिली करणाऱ्या मैत्रिणीला गाठलं. तिनं जे समजावलं, ते आधी सांगते. कारण त्या पाच ओळींच्या कागदामागे शंभर वर्षांची गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीतलं मोठं वळण एका हायकोर्टात घडलंय.

बायकांनी कारखान्यात रात्री काम करू नये, हा नियम काही आपल्या आजेसासूबाईंनी केलेला नाही. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे तसा करार झाला आणि भारतानंही तो मान्य केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला. त्याच्या कलम ६६ मध्ये स्त्रियांसाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी वेळ घालून दिली. राज्य सरकारला त्यात थोडं मागंपुढं करता येत होतं, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत बाई कारखान्यात नकोच, हे पक्कं होतं. हेतू चांगलाच होता म्हणा. त्या काळच्या गिरण्या, ते तास, ती बाळंतपणं... संरक्षण म्हणून केलेला नियम होता तो.

पण आपल्या सोलापुरात या संरक्षणाचं काय झालं ते बघा. मागावर रात्रपाळी चालायची, तिथे पुरुष. पाळी बदलता येत नाही म्हणून बाईला मागावर घ्यायचं नाही; तिनं कांड्या भराव्यात, टॉवेलच्या कडा शिवाव्यात, धागे कापावेत, घड्या घालाव्यात. म्हणजे ज्या कामाला मजुरी कमी ते सगळं बाईचं. आणि याच बायका, किंवा त्यांच्या आया, घरी बसून विड्या वळायच्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात हजार विड्या द्यायच्या म्हणून रात्रीचे बारा-बारा वाजेपर्यंत मांडीवर सूप घेऊन बसायच्या. तेव्हा कुणाला कायदा आठवला नाही! दवाखान्यातल्या नर्स रात्रभर जागायच्या, त्यांनाही कुणी सातला घरी पाठवलं नाही. रात्र बाईला वाईट आहे, ती फक्त कारखान्यात आणि फक्त जरा बऱ्या पगाराच्या कामात, असा तो सगळा प्रकार होता.

हेच म्हणणं तामिळनाडूत काहींनी कोर्टात मांडलं. आर. वसंता विरुद्ध भारत सरकार या नावानं तो खटला ओळखला जातो. डिसेंबर २००० मध्ये मद्रास हायकोर्टानं निकाल दिला. स्त्री आहे एवढ्याच कारणानं तिला रात्रीचं काम नाकारणं हे राज्यघटनेनं दिलेल्या समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असं सांगून रात्रपाळीला मनाई करणारी ती तरतूद रद्द ठरवली. संसदेनं केलेला, बावन्न वर्षं चाललेला नियम. हायकोर्टाला तेवढा अधिकार असतो. घटनेशी न जुळणारा कायदा, मग तो दिल्लीत केलेला असो की मुंबईत, हायकोर्ट बाजूला ठेवू शकतं.

इथवर ऐकून मी वकील मैत्रिणीला म्हटलं, “म्हणजे मालकांचं फावलंच की!” ती हसली. म्हणाली, “निकालाचा पुढचा भाग वाच. तोच कुणी वाचत नाही.”

आणि खरंच, पुढचा भाग वाचून मी थक्क झाले. कोर्टानं नुसतं दार उघडून दिलेलं नाही. त्या दारातून बाईनं सुखरूप आत जावं आणि सुखरूप बाहेर यावं, यासाठी लांबलचक अटी घातल्यात. कारखान्याच्या आतच नाही, तर भोवतालीही आणि बाईला कामानिमित्त जिथे-जिथे जावं लागतं तिथे पुरेसा उजेड हवा. एकटी-दुकटी बाई रात्री ठेवायची नाही, किमान दहाजणींचा गट हवा आणि त्या पाळीत दोन तृतीयांश स्त्रियाच हव्यात. आत जायच्या आणि बाहेर पडायच्या दाराशी स्त्री सुरक्षारक्षक. ने-आण करायला गाडी. बायकांसाठी वेगळं कॅन्टीन. देखरेख करणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. दिवसपाळीवरून रात्रपाळीवर बदली करायची तर मध्ये सलग १२ तासांची विश्रांती. लैंगिक छळाच्या तक्रारीची सोय. आणि हो, मासिक पाळीच्या दिवसांत रात्रपाळीला पगारी सुट्टी!

हे शेवटचं मी पुढच्या रविवारी बायकांना वाचून दाखवलं तेव्हा हशा पिकला. “पाळीत पाळीची सुट्टी!” असं एकजण म्हणाली आणि सगळ्याजणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग ती चेकिंगवाली म्हणाली, “हसताय काय, हे जज साहेबांना कळलं, आपल्या सुपरवायझरला कळत न्हाई.” त्यावर कुणी हसलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मद्रासचा निकाल सोलापूरला कसा लागू? हा प्रश्न मलाही पडला होता. एका हायकोर्टाचा निकाल दुसऱ्या राज्यातल्या हायकोर्टावर बंधनकारक नसतो. ते तो विचारात घेतात, पटला तर उचलतात, नाही पटला तर नाही. त्यामुळे गंमत अशी झाली की एकच केंद्रीय कायदा, पण राज्याराज्यात वेगवेगळा. मद्रासनं रात्रपाळीची बंदी काढली. २००४ साली केरळच्या हायकोर्टानं मात्र तीच बंदी योग्य ठरवली. घटनेनंच स्त्रियांसाठी खास तरतूद करायची मुभा दिलीय, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सीमेच्या अलीकडची बाई रात्री कामाला जाऊ शकते, पलीकडची नाही. पुढे २०२१ मध्ये त्याच केरळ हायकोर्टासमोर एक इंजिनियर मुलगी गेली. सरकारी कंपनीत सुरक्षा अधिकाऱ्याची जागा निघाली होती आणि जाहिरातीत लिहिलं होतं, फक्त पुरुषांनी अर्ज करावेत. कारण विचारलं तर रात्रीही काम पडेल, आणि कायदा तर बाईला रात्री बंदी करतो. कोर्टानं ती अट रद्द केली. बाईच्या संरक्षणासाठी केलेला नियम तिची नोकरी हिरावायला वापरता येणार नाही, असं सांगितलं. एकाच हायकोर्टाला सतरा वर्षांत वेगळं दिसू लागलं. काळ बदलतो, न्यायमूर्ती बदलतात, आणि दार ठोठावणाऱ्या मुलीही बदलतात.

मग महाराष्ट्राचं काय? कामगार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्रही कायदा करू शकतं आणि राज्यही. राज्याला केंद्राच्या कायद्याविरुद्ध जाणारी दुरुस्ती करायची तर राष्ट्रपतींची संमती लागते. कोर्टाकोर्टांतून हा प्रश्न पुढे आल्यावर २००५ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचं विधेयक संसदेत आणलं, पण त्याचा कायदा झाला नाही. शेवटी आपल्या राज्यानं २०१५ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली आणि सुरक्षा, सन्मान व ने-आण यांची सोय करण्याच्या अटीवर कारखान्यांत स्त्रियांना रात्रपाळी खुली झाली. दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ च्या कायद्यातही तसंच. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचं तर बाईची संमती आणि सुरक्षेची सोय. आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तर १९४८ चा कारखाने अधिनियमच गेला. त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता आलीय. तिच्या कलम ४३ मध्ये म्हटलंय की स्त्रियांना सगळ्या आस्थापनांत सगळ्या प्रकारच्या कामांचा हक्क आहे, आणि सकाळी ६ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतरही त्यांना काम देता येईल, मात्र त्यांच्या संमतीनं, आणि सरकार ठरवेल त्या अटींवर.

म्हणजे माझी लाल शाईची ओळ २०१५ लाच रद्दी झाली होती! दहा वर्षं मी जुना कायदा सांगत होते. असो.

पण यात एक मेख आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मद्रास हायकोर्टानं हक्क आणि अटी एकाच निकालात, एकाच दमात दिल्या होत्या. दहाजणींचा गट, दारातला उजेड, स्त्री सुपरवायझर, हे सगळं हक्काचाच भाग होतं. नंतर झालेल्या कायद्यांत काय झालं? हक्काचं वाक्य कायद्यात ठळक बसलं आणि अटींचं काम ‘विहित करण्यात येईल’ या शब्दांवर गेलं. म्हणजे त्या सरकारनं नियमांत लिहायच्या. नव्या नियमांपर्यंत जुने नियम, विसंगत नसतील तेवढे, चालू राहतात अशीही तरतूद आहे. पण कारखान्यापर्यंत येता-येता त्यातलं काय उरतं? एकच शब्द उरतो : संमती. तो लगेच पोचला, इंग्रजीत टाइप होऊन, पाच ओळींत! उजेड, गाडी, बायकांचा गट, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. कोर्टानं मालकाच्या खांद्यावर ठेवलेलं ओझं त्या कागदानं अलगद उचलून बाईच्या खांद्यावर ठेवलं होतं.

आणि लहान युनिटांचं तर विचारूच नका. नव्या संहितेत विजेवर चालणारं, २० किंवा जास्त कामगारांचं ठिकाण म्हणजे ‘कारखाना’, आणि साधारणपणे १० कामगार असले तरच ‘आस्थापना’. आमच्या भागात एका शेडमध्ये चार माग आणि सहा माणसं अशी कितीतरी ठिकाणं. तिथल्या बाईसाठी हे कलम ४३ तरी कुठून येणार? तिला एक मात्र आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार मालकाविरुद्धच असली तरी तिथेच जायचं. ही समिती आपल्या जिल्ह्यात आहे, हे आमच्या खोलीतल्या सोळाजणींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. हा कायदासुद्धा कोर्टाच्याच निकालातून आलेला. सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा विशाखा निकाल, आणि कायदा व्हायला त्यानंतर सोळा वर्षं!

कागदावर कायदा असणं आणि तो हाताला लागणं यात किती अंतर असतं, हे आपण शनिशिंगणापूरला पाहिलंय. आठवतंय ना २०१६? चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नव्हते. त्या वेळी मुंबई हायकोर्टानं नवा कायदा केला नाही. महाराष्ट्रात १९५६ पासून मंदिरप्रवेशाचा कायदा आहे, तो पाळला जाईल हे बघणं सरकारचं काम आहे, एवढंच ठणकावून सांगितलं. साठ वर्षं कायदा तिथेच होता, कपाटात! आणि निकालानंतर आठवडाभरात, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांसाठी खुला झाला. देवदर्शनाला जायचं की नाही हा ज्याचा-त्याचा प्रश्न. मला त्यात एवढंच दिसलं की कुणीतरी कोर्टाची पायरी चढल्याशिवाय कपाट उघडत नाही.

ती पायरी आपल्यासाठी आता थोडी जवळही आलीय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. इतकी वर्षं हायकोर्ट म्हटलं की मुंबई. वकिलाची फी राहू दे बाजूला, नुसतं जायचं-यायचं, राहायचं म्हटलं तरी हप्त्याचे पैसे मोडावे लागायचे. मी हे बैठकीत सांगितलं तर एक मावशी म्हणाल्या, “अंबाबाईचं दर्शन बी व्हतंय मग.” तेही खरंच!

पण प्रत्येक गोष्टीला हायकोर्ट कशाला? पाच ओळींचा कागद आणि सही हवी म्हणणारा मॅनेजर. सुरुवात तिथूनच करायची होती.

दुसऱ्या रविवारी मी हे सगळं सांगितलं आणि विचारलं, “आता तुम्ही सांगा, तुम्हाला जायचंय का?” मला वाटत होतं सगळ्या नाही म्हणतील. चेकिंगवाली पहिली बोलली. तिचं नाव लिहू नका म्हणालीय, म्हणून लिहीत नाही. ती म्हणाली, “मला जायचंय ताई.” तिच्या सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. नवरा दिवसपाळीला मागावर. दिवसभर म्हातारीजवळ कोण? थोरली मुलगी शाळा बुडवून बसते, आणि तिची यंदा दहावी. “दिवसा मी, रात्री ते. पोरगी शाळेत जाईल. शिवाय रात्रीचे पैसे जरा जास्त देतो म्हणालेत.” मी गप्प झाले. गेल्या रविवारी मी तिला ‘सही करू नकोस’ म्हटलं, तेव्हा मी त्या मुलीची दहावीच थांबवत होते की!

दुसरी एकजण मात्र ठाम नाही म्हणाली. तिचं घर कुंभारीच्या बाजूला, विडी कामगारांच्या घरकुलात. रात्रीची परत यायची सोय नाही, आणि लहान मूल अंगावर पितं. “मी न्हाई म्हटलं तर कामावरून काढतील काय, तेवढं सांगा.” हाच तर खरा प्रश्न होता. नाही म्हणणारीचं काम जाणार असेल, तर हो म्हणणारीच्या संमतीला काय किंमत?

तिसऱ्या कुणीतरी मेच्या आगीचा विषय काढला आणि खोली एकदम शांत झाली. १८ मे २०२५ ची पहाट. आमच्याच एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आवारात राहणारी आठ माणसं गेली. मालकाच्या घरातली आणि कामगारांच्या घरातलीही, त्यात अगदी लहानगं मूल होतं. तो धूर आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. सूत, फणी, टॉवेलचे गठ्ठे, पेट घ्यायला वेळ लागत नाही. “रात्री बाहेरून कुलूप लावत्यात काही ठिकाणी, माल चोरीला जाईल म्हणून,” एक म्हणाली. हे मद्रासच्या अटींत नव्हतं. आमच्या यादीत मात्र ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

होय, आम्ही यादी केली. गटाच्या वहीतला मधला कागद फाडला, मराठीत लिहिलं, वकील मैत्रिणीकडून एकदा नजरेखालून घातलं. आम्ही खाली सही करणाऱ्या रात्री ११ ते सकाळी ७ या पाळीत काम करायला पुढील अटींवर तयार आहोत. पाळी चालू असताना कुठल्याही दाराला बाहेरून कुलूप नसेल. दहापेक्षा कमी बायका असतील त्या रात्री आम्ही येणार नाही. गाडी दारापर्यंत. संडासाच्या वाटेवर दिवा. एक तरी बाई सुपरवायझर. एक महिना आधी सांगून केव्हाही दिवसपाळीत परत येता येईल. जी नाही म्हणेल तिचं दिवसाचं काम चालू राहील. पाळीच्या सुट्टीचं लिहायचं की नाही यावर बराच वेळ वाद झाला. “ते वाचून साहेब हसतील,” असं काहींचं मत. शेवटी लिहिलं, पण सगळ्यात खाली. यावर मी अजून नाराज आहे, पण वही त्यांची, सह्या त्यांच्या.

सोमवारी त्या आठजणी आणि मी, अशा नऊजणी ऑफिसात गेलो. मॅनेजर आधी चिडले. “बाहेरच्या लोकांनी कामगारांना भडकवायचं काम नाही,” हे माझ्याकडे बघून. मी काही बोलले नाही, बोलायची वेळच आली नाही. चेकिंगवालीनं कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “साहेब, तुमच्या कागदावर आमची सही पायजे ना? मग आमच्या कागदावर तुमची.” ते बराच वेळ वाचत राहिले. दिवाळी-लग्नसराईच्या ऑर्डरी असतात, रात्रपाळी त्यांनाही हवीच होती. आठजणी एकदम नाही म्हणाल्या असत्या तर माल अडला असता. आपली ही बाजू बायकांच्या सहसा लक्षात येत नाही.

तीन दिवसांनी उत्तर आलं. कुलूप लावणार नाही, किल्ली आतल्या बाईकडे राहील. दिवे लावले, त्याच आठवड्यात. परत दिवसपाळी मिळेल. नाही म्हणणारीला काढणार नाही, हे तोंडी. लेखी द्यायला तयार नव्हते, तिथे आम्हीही अडून बसलो आणि शेवटी एका ओळीत का होईना, लिहून घेतलं. बाई सुपरवायझरचं ‘बघू’ झालं. पाळीच्या सुट्टीबद्दल कागदावर नुसती फुली. ‘रस्त्यात काही घडलं तर कंपनी जबाबदार नाही’ ही ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली. ती खोडलेली प्रत मी गटाच्या वहीत जपून ठेवलीय.

आठपैकी सहाजणींनी सही केली, दोघींनी नाही केली. दुसऱ्या विभागातल्या पाचजणी मिळून गट अकराचा झाला. जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं ती आता रात्री जाते; सकाळी आल्यावर सासूबाईंचं आवरते, मग झोपते. मुलगी शाळेत जायला लागलीय. बैठकीची वेळ आम्ही दुपारी दोनवरून पाचवर नेली, कारण निम्म्याजणी दोनला गाढ झोपलेल्या असतात.

गाडी मात्र अजून नाक्यापर्यंतच येते. दारापर्यंत रस्ता अरुंद आहे, ड्रायव्हर तयार होत नाही, अशी कारणं. नाक्यापासून तिचं घर सात-आठ मिनिटांवर, आणि मधला एक खांब कायम बंद. रात्री साडेदहाला तिचा नवरा, दिवसभर माग चालवून आलेला, हातात मोबाइलचा टॉर्च धरून तिला नाक्यापर्यंत सोडतो. सोडून घाईघाईनं परत फिरतो, घरी म्हातारी एकटी असते म्हणून. पुढच्या महिन्यात आम्ही परत ऑफिसात जाणार आहोत. या वेळी यादीत गाडी सगळ्यात वर आहे, आणि पाळीची सुट्टी दुसऱ्या क्रमांकावर.